४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर अँड्रॉइड ॲपचं सेटअप होईल का? मदत हवीये

वैराग_बीसीएस

नमस्कार मंडळी, मी बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरी आमचं दूध संकलन केंद्र आहे. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) वहीत लिहायचं आणि दर १० दिवसांनी पप्पा कॅल्क्युलेटर घेऊन बिलं काढत बसतात, पार मध्यरात्र होते, तर मला त्यांच्यासाठी एक साधं ॲप करायचंय. फॅट आणि एसएनएफ टाकलं की दरपत्रकावरून दर यायला पाहिजे आणि १० दिवसांचं बिल निघायला पाहिजे, बास. केंद्रावर नेट धड नसतं त्यामुळे सगळं मोबाईलमध्येच सेव्ह व्हायला हवं.

लॅपटॉप भावाचा आहे, २०१४ चा, आय३ ४००५यू, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १० ६४ बिट. अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप बनवायचं गूगलचं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल झाला पण नवीन प्रोजेक्ट उघडला की खाली ग्रेडल (कोडपासून ॲप तयार करणारं टूल) सिंक फिरतच राहतं, माऊसपण हलत नाही, एमुलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) चालू केला तर सगळंच गोठतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के. एका दुकानात दाखवला तर म्हणाले हा टाकून द्या नवीन घ्या. तेवढे पैसे आत्ता घरात नाहीत, थोडेफार जमतील. माझा फोन अँड्रॉइड १२ वाला आहे. शिकायची खूप इच्छा आहे, काही मार्ग आहे का?

खटपट्या

अजिबात टाकून देऊ नको. तो प्रोसेसर चौथ्या पिढीचा आहे, २ कोर ४ थ्रेड, हळू आहे पण कामाचा आहे. तुझं दुखणं तूच लिहिलंयस बघ, डिस्क १०० टक्के. ग्रेडल हजारो बारक्या बारक्या फाइली वाचतं-लिहितं, वरून रॅम भरली की विंडोज उरलेला माल डिस्कवर टाकायला लागतं, आणि साध्या हार्ड डिस्कला एकाच वेळी दोन्ही झेपत नाही. म्हणून जे काही पैसे जमतील त्यातून आधी २.५ इंची साटा एसएसडी घे, २४० किंवा २५६ जीबीची पुरे. जुनी हार्ड डिस्क फेकू नको, डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत (डिस्क धरणाऱ्या चौकटीत) बसवता येते, फक्त कॅडी ९.५ मिमीची लागते का १२.७ ची ते मोजून घे.

रॅम त्यानंतर. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलंस की किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं, एक रिकामा असेल तर ४ जीबीची अजून एक पट्टी टाकली की झाले ८. पट्टी डीडीआर३एल च पाहिजे, १.३५ व्होल्टवाली, दुकानदार १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ देईल तर घेऊ नको, या प्रोसेसरला ती चालत नाही.

आणि एमुलेटर विसर. स्टुडिओसाठी गूगलच कमीत कमी ८ जीबी सांगतं आणि एमुलेटर धरला तर १६, तर ४ जीबीत तो चालावा ही अपेक्षाच नको. तुझा फोन हाच तुझा एमुलेटर. सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये जा, बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप कर, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात यूएसबी डिबगिंग चालू कर आणि केबल लाव. केबल डेटावाली हवी, चार्जरसोबतच्या काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्याच्यावर फोन दिसत नाही आणि माणूस उगाच ड्रायव्हर शोधत बसतो. शाओमीचा फोन असेल तर 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' वेगळं चालू करावं लागतं.

ताई_ठाण्याची

खटपट्या म्हणतात ते सगळं बरोबर, मी त्यात सॉफ्टवेअरचं सांगते. मी अशाच मशीनवर मुलांना शिकवते, शाळेच्या लॅबमध्ये नवीन मशीन कुठून येणार.

स्टुडिओच उघडू नकोस. व्हीएस कोड (कोड लिहायचा हलका एडिटर) टाक आणि फ्लटर (डार्ट भाषेत ॲप करायचं गूगलचं टूलकिट) शीक. अँड्रॉइड एसडीकेसाठी (ॲप बनवायला लागणारा टूलचा संच) स्टुडिओ असायलाच हवा असं नाही, स्टुडिओच्या डाउनलोड पानावर अगदी खाली 'कमांड लाईन टूल्स ओन्ली' अशी वेगळी झिप मिळते, ती घे, सोबत जेडीके १७ (जावाची टूल्स), आणि त्यातल्या एसडीके मॅनेजरने प्लॅटफॉर्म टूल्स, बिल्ड टूल्स आणि एक प्लॅटफॉर्म एवढंच उतरव, सिस्टम इमेज नावाचं काही घेऊ नको, ते एमुलेटरचं असतं आणि जीबीच्या जीबी खातं. एक गोष्ट नीट लक्षात ठेव, झिप उघडल्यावर सीएमडीलाईन-टूल्स फोल्डरच्या आत 'लेटेस्ट' नावाचा फोल्डर करायचा आणि सगळा माल त्यात हलवायचा, नाहीतर एसडीके मॅनेजर म्हणतो मला एसडीकेची जागाच सापडत नाही. मग फ्लटर डॉक्टर (सेटअप तपासणारी कमांड) चालव, अँड्रॉइड टूलचेनच्या ओळीत जे लाल दिसेल ते एकेक करून सोडव, लायसन्सला सगळीकडे वाय दाब.

आता महत्त्वाचं. फ्लटरचा नवीन प्रोजेक्ट बनतो तेव्हा अँड्रॉइड फोल्डरमधल्या ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज फाइलीत जेव्हीएमला (ग्रेडल ज्यावर चालतं त्या जावाच्या इंजिनाला) द्यायची मेमरी ८ जीबी लिहून येते, एक्सएमएक्स ८जी असं. अगं तुझ्या अख्ख्या लॅपटॉपमध्ये ४ आहे! ते १५३६एम कर, मेटास्पेस ५१२एम कर, वर्कर्स मॅक्स २ कर. दर प्रोजेक्टला करायचं नसेल तर युजर फोल्डरमधल्या डॉट ग्रेडलमध्ये त्याच नावाची फाइल करून तिथे लिही, ती प्रोजेक्टच्या फाइलीच्या वरचढ ठरते. कोटलिनचा (अँड्रॉइडच्या भागातली भाषा) कंपायलर वेगळा डीमन, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्रॅम, उघडून बसतो, त्याला इन-प्रोसेस केलंस की अजून थोडी रॅम सुटते. ग्रेडलचा डीमन पण काम झाल्यावर ३ तास तसाच बसून असतो, तर बिल्ड करून झालं आणि नुसतं वाचायचं असेल तर ग्रेडलला स्टॉप दे.

पहिला बिल्ड रडवेल, नेटवरून बरंच उतरतं, चहा करून ये. पण एकदा ॲप फोनवर उघडलं की पुढे हॉट रिलोड आहे, कोडमध्ये बदल केला सेव्ह केलं की फोनवर लगेच दिसतं कारण तिथे ग्रेडल मध्ये येतच नाही, फक्त डार्टचा बदल जातो. जुन्या मशीनवाल्यांसाठी मला फ्लटर आवडतं ते याच कारणाने, मुलगी दिवसभर बसली तरी ग्रेडलची वाट दोनचारदाच बघावी लागते.

नाशिकचा_पेंग्विन

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, म्हणजे या लॅपटॉपला ते अधिकृतपणे मिळणार नाही. मग एसएसडी टाकतेच आहेस तर त्यावर सरळ लिनक्स मिंट एक्सएफसीई (फुकट मिळणारी हलकी ऑपरेटिंग सिस्टम) टाक की. उघडल्या उघडल्या विंडोजपेक्षा बरीच कमी रॅम खातं, झेडरॅम चालू केलंस तर रॅममध्येच दाबून ठेवतं आणि डिस्कवर जायची वेळ कमी येते. फ्लटर, व्हीएस कोड, एडीबी (फोनशी बोलणारं टूल) सगळं चालतं. फोन दिसला नाही आणि 'नो परमिशन्स' आलं तर यूडेव्ह रूल्सचं (यूएसबीच्या परवानग्यांचं) पॅकेज टाकायचं आणि केबल काढून परत लावायची.

खटपट्या

पेंग्विनदादा तुमचं पटतं, पण तिचं कॉलेज आहे, प्रॅक्टिकलला जे विंडोजवरचं लागतं ते पण याच लॅपटॉपवर. दोन्ही ठेव, एसएसडीवर मिंट आणि कॅडीतल्या जुन्या डिस्कवर विंडोज आहे तसं. विंडोजवरच राहिलीस तर डिफेंडरमध्ये (विंडोजचा अँटीव्हायरस) एसडीके, डॉट ग्रेडल आणि प्रोजेक्टचा फोल्डर एक्सक्लूजनला टाक, नाहीतर प्रत्येक बारकी फाइल तो तपासत बसतो. त्याच फोल्डरांना हां, डाउनलोडच्या फोल्डरला नाही.

वैराग_बीसीएस

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. एसएसडी घेतली, रॅम पुढच्या महिन्यात घेणार. परीक्षा जवळ आहे म्हणून सध्या विंडोजच परत टाकलंय, मिंट सुट्टीत टाकेन. लॅपटॉप आता ओळखू येत नाही एवढा फास्ट झालाय. ताई तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं, डॉक्टरमध्ये अँड्रॉइडची ओळ हिरवी आहे, मेमरी पण कमी केली. पण बिल्ड करताना पाथमध्ये नॉन-आस्की कॅरेक्टर्स आहेत असं येतंय आणि थांबतंय. हे काय असतं?

ताई_ठाण्याची

प्रोजेक्टचा फोल्डर मराठीत आहे का गं? आणि विंडोजचं युजरनेम?

वैराग_बीसीएस

हो ताई, फोल्डर 'दूध संकलन' आहे आणि भावाने युजरनेम पण मराठीतच ठेवलंय.

ताई_ठाण्याची

मग तेच. विंडोजवर अँड्रॉइडचं बिल्ड प्लगइन पाथमध्ये देवनागरी दिसली की अडतं. ही तपासणी बंद करायची ओळ पण आहे पण ती टाकू नकोस, पुढे कुठलं तरी दुसरं टूल अडतं आणि मग कळत नाही कशाने अडलं. सी ड्राइव्हवर थेट 'डेव्ह' नावाचा इंग्रजी फोल्डर कर, मध्ये स्पेस नको, त्यात एसडीके, फ्लटर आणि प्रोजेक्ट तिन्ही हलव. युजरनेम मराठी असल्यामुळे डॉट ग्रेडल पण तिथेच जातो, तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये ग्रेडल युजर होम त्याच डेव्हमधल्या फोल्डरला लाव, मेमरीची फाइल ठेवली असशील तर तीही तिकडे ने, आणि अँड्रॉइड होमचा पाथ पण बदल. सगळी टर्मिनल बंद करून परत उघड. ॲपचं नाव, त्यातली अक्षरं मराठीत खुशाल ठेव, तिथे काही अडचण नाही.

वैराग_बीसीएस

ताई झालं!! फोनवर आलं, पहिल्या पानावर 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' दोन बटणं केलीत, पप्पांना दाखवलं. आता पप्पांच्या फोनवर कसं द्यायचं, प्ले स्टोअरला टाकावं लागेल का?

नाशिकचा_पेंग्विन

घरच्या दोन फोनसाठी प्ले स्टोअर कशाला, तिथे आधी २५ डॉलर भरा, नवीन वैयक्तिक खातं असेल तर १२ टेस्टर १४ दिवस दाखवा. रिलीज बिल्डची एपीके (ॲप इन्स्टॉल करायची फाइल) कर आणि केबलने टाक. पण सही करायची की-स्टोअर फाइल स्वतःची बनव आणि ती फाइल आणि तिचा पासवर्ड दोन जागी जपून ठेव, कारण ती हरवली तर नवीन आवृत्ती जुन्यावर बसत नाही, आधीचं ॲप काढावं लागतं आणि फोनमधल्या नोंदी त्याच्यासोबत जातात. दुधाचा हिशोब आहे, लोकांचे पैसे आहेत.

ताई_ठाण्याची

आणि आकडे! पडद्यावर दाखवताना मराठी लोकेल लावलंस की ३.५ आणि ८.५ देवनागरीत दिसतील, छानच दिसतं, पण एसक्यूलाइटमध्ये (फोनमधला डेटाबेस) साठवताना आकडा हा आकडा म्हणूनच ठेव, फॉरमॅट केलेलं अक्षर साठवू नको, नाहीतर १० दिवसांची बेरीज करताना पार्सिंग, म्हणजे अक्षरांचा परत आकडा करणं, अडेल. पैसे पैशांतच पूर्णांकात ठेव, रुपयांचे दशांश ठेवलेस तर बेरजेत पैसा-दोन पैसे इकडचे तिकडे होतात आणि गवळ्याच्या ते लगेच लक्षात येतं. नोंदींची फाइल रोज एक्सपोर्ट करायचं बटण पहिल्या आवृत्तीतच टाक आणि महिनाभर वही पण चालू ठेवा.

वैराग_बीसीएस

हो ताई, वही पप्पा तशीही सोडणार नाहीत. एक्सपोर्टचं बटण उद्या करते, दरपत्रकाचा तक्ता अडला की इथेच विचारते.