८७ की ९० डेसिबल? स्पीकरच्या तपशिलांची तुलना

प्रश्न :
मी दोन स्पीकर-जोड्यांचा विचार करीत आहे. पहिलीची संवेदनशीलता (ठरावीक वीज दिल्यावर मिळणारी आवाजाची पातळी) ८७ डेसिबल व रोध (विजेला होणारा अडथळा) ८ ओहम, तर दुसरीची ९० डेसिबल व ४ ओहम आहे. सोबतच्या सबवूफरवर (खर्जाच्या आवाजासाठीच्या स्पीकरवर) ‘२५ हर्ट्झपासून, कमाल ६०० वॉट’ एवढेच छापलेले आहे. दुसरी जोडी खरोखर अधिक कार्यक्षम आहे का, आणि सबवूफरच्या आकड्यांवर कितपत विसंबावे?

उत्तर १ :
मोजमाप कसे केले आहे, ते आधी पाहावे. बरेच उत्पादक २.८३ व्होल्ट देऊन १ मीटर अंतरावर आवाज मोजतात. एवढ्या व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर १ वॉट घेतो, ४ ओहमचा मात्र २ वॉट. शक्ती दुप्पट झाली की पातळी ३ डेसिबलने वाढते, म्हणजे आपल्या दोन्ही जोड्या याच पद्धतीने मोजल्या असतील, तर प्रत्येक वॉटमागे त्या सारख्याच ठरतात. ४ ओहमचा भार आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला पेलतो का, हे तपासल्यावाचून कृपया खरेदी करू नये.

उत्तर २ :
‘२५ हर्ट्झ’च्या पुढे उणे ३ की उणे १० डेसिबल (म्हणजे तिथे आवाज नेहमीच्या पातळीपेक्षा किती उतरलेला असतो) हे लिहिलेले नसेल, तर तो आकडा तुलनेस निरुपयोगी आहे. बंद पेटीत खालचा आवाज दर सप्तकामागे (म्हणजे हर्ट्झ निम्मे होताना) सुमारे १२ डेसिबलने उतरतो, पोर्ट (हवेसाठी ठेवलेले भोक) असलेल्या पेटीत सुमारे २४ ने. कमाल वॉट सोडून द्यावेत. सलग पेलणारे आरएमएस वॉट विचारावेत.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. विक्रेत्याकडे चौकशी केली असता तो आकडा उणे १० डेसिबलचा निघाला, त्यामुळे आता दुसरा सबवूफर पाहत आहे.