आईला चक्रवाक दाखवायचा आहे – एका दिवसाच्या सहलीसाठी मदत हवी

नमस्कार मंडळी,

थंडी सरायच्या आत एक दिवस काढून आईला चक्रवाक दाखवायचा आहे. कुठे जावं, किती वाजता पोचावं, कोणत्या काठावर थांबावं, हे जाणकारांनी नेमकं सांगितलं तर फार उपकार होतील. आम्ही नगरला राहतो. गाडी आहे, पण मुक्काम जमणार नाही. पहाटे निघून रात्री घरी परत यावं लागेल.

आई ७२ वर्षांची आहे. तिचं माहेर पैठणच्या वरच्या अंगाला, गोदाकाठी. जायकवाडीच्या पाण्यात गाव गेलं, तोवर ती लग्न होऊन नगरला आली होती. त्यामुळे गाव उठताना तिने पाहिलंच नाही. तिच्या मनात अजून नदीचं वाळवंटच आहे. हिवाळ्यात त्या वाळूवर नारिंगी रंगाची मोठी बदकं जोडीने बसायची. आजी त्यांना चकवा-चकवी म्हणायची. रात्र झाली की दोघांची ताटातूट होते आणि मग ती नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारत राहतात, ही गोष्ट आईने मला लहानपणी कितीदा तरी सांगितली आहे. गेल्या महिन्यात माझ्या मोबाइलवर चक्रवाकाचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "हीच गं ती. अजून येतात?"

म्हणून डिसेंबरात एका रविवारी तिला भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्याकाठी, नेलं. दोघींनाही जागा नवीन. निघायला उशीर झाला, पोचेपर्यंत साडेदहा वाजले. नावेत चढताना आईचा गुडघा वाकेना, म्हणून ती काठावरच बसली आणि मी एकटी गेले. पाणी अजून भरपूर होतं, चिखलपट्ट्या उघड्या पडलेल्या नव्हत्या, त्यामुळे रोहित (फ्लेमिंगो) थोडेच होते. नाववाल्याने तो थवा उडावा म्हणून नाव सरळ त्यांच्या अंगावर घातली. मी थांबवलं, पण तोवर सगळे उठले होते. खाली मान घालून शांतपणे खाणारे पक्षी आपल्यामुळे उठले, हे मला फार लागलं. चक्रवाक लांबवर पाच-सहा दिसले, तेही उन्हाच्या तिरिपीत नुसते काळे ठिपके. आई काठावर होती, तिला तेवढेही दिसले नाहीत.

दुपारी तिथून सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलो. तिथे मात्र आई खुलली. गाडीत बसल्या बसल्या चिंकारा दिसले, चंडोल ऐकू आले. काच खाली करून ती कितीतरी वेळ गप्प बसून होती. तेव्हा लक्षात आलं की तिला गाडीतून किंवा खुर्चीवर बसून दिसेल अशीच जागा शोधायला हवी.

तर अशी जागा कोणती? भिगवणलाच लवकर पोचावं, की नांदूर मधमेश्वर बरं? माझ्याकडे १०×५० ची जुनी दुर्बीण आहे, पण आईच्या हातात ती फार हलते. त्यावर काही उपाय आहे का?

आणि एक पक्षी ओळखून हवा आहे. भिगवणला पाण्यातल्या वठलेल्या बुंध्यावर बसला होता. अंग गडद तपकिरी, डोकं आणि गळा साईच्या रंगाचा. तो उठून पाण्यावरून खालून खालून फिरायला लागला की बदकं घाबरून एकदम उठायची. मी घार म्हटलं, तर आई म्हणाली, "घारीची शेपूट टोकाला खाचलेली असते, हिची गोल आहे." फोटो नाही.

प्रतिसाद

काकूंची नजर पक्की आहे. हा दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर, आणि वर्णनावरून मादी. तरंगताना पंख किंचित वर उचलून इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरतो, ते आठवतंय का? तसं असेल तर शंकाच नको. हाही हिवाळी पाहुणाच.

प्रतिसाद

ताई, नांदूर मधमेश्वर उत्तम आहे यात वाद नाही. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा बंधारा, रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. पण चापडगावकडून आत गेल्यावर चालावं लागतं आणि मनोऱ्याला जिने आहेत. आईंच्या गुडघ्याचं पाहता मी दुसरं सुचवतो.

तुम्ही जायकवाडीलाच का जात नाही? नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि तुमच्या नगर जिल्ह्याची हद्द त्याच्या दक्षिण काठाला लागून आहे. शेवगावच्या बाजूने गेलात की दक्षिण काठावर पोचता, आणि पक्षी बघायला हिवाळ्यात दक्षिण काठासारखी जागा नाही. या दिवसांत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. तुम्ही उत्तरेला तोंड करून बसलात की ऊन पाठीमागे किंवा बाजूला राहतं आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. भिगवणला तुम्हाला काळे ठिपके दिसले, कारण सूर्य पक्ष्यांच्या मागे होता.

धरणाच्या भिंतीपाशी जाऊ नका, तिथे पाणी खोल. फुगवटा जिथे उथळ होत शेतांमध्ये शिरतो, ती टोकं शोधा. पाणी जसजसं उतरतं तशी तिथे ओली जमीन उघडी पडते आणि चक्रवाक तिथेच येतात. ते इतर बदकांसारखे सारखे पाण्यात नसतात. बरेचसे रात्री चरतात आणि दिवसा काठावर जोडीने निवांत बसलेले असतात. आजींच्या गोष्टीचं मूळ कदाचित इथेच असावं. अंधारात चरताना पांगलेली जोडी एकमेकांना साद घालते, आणि तो आवाज फार लांबून येतो.

तेव्हा त्यांच्या मागे जायचंच नाही. सूर्योदयाला पोचा, धुकं असेल तर ते विरेपर्यंत गाडीतच थांबा. पक्षी गाडीला माणसापेक्षा कमी बिचकतात. एखादी जोडी मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागली, तर समजा आपण पुरेसे जवळ आलो, आणि तिथेच इंजिन बंद करा. जायच्या आधी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर नाथसागरच्या ताज्या नोंदी पाहून घ्या, म्हणजे या आठवड्यात कुठल्या टोकाला काय आहे ते कळेल. फेब्रुवारीअखेरपर्यंत चिंता नाही. पुढे ऊन वाढलं की ते लडाख-तिबेटच्या वाटेला लागतात.

उडाले तर पंखांवरचा पांढराशुभ्र भाग आईंना दाखवा. बसलेला नारिंगी पक्षी उडताना इतका पांढरा दिसेल असं वाटत नाही.

प्रतिसाद

दुर्बिणीबद्दल. १० हा आकडा किती पट मोठं दिसतं तो. जितकं मोठं दिसतं, तितका हाताचा कंपही मोठा होतो. ८×४२ घ्या. चित्र स्थिर राहतं आणि नजरेच्या टप्प्यात जास्त जागा मावते, त्यामुळे नवख्या माणसाला पक्षी पटकन सापडतो. तोवर आहे तीच दुर्बीण गाडीच्या खिडकीत घडी केलेल्या टॉवेलवर टेकवून द्या. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दुमडायला विसरू नका, नाहीतर काळी कडाच दिसत राहते.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. भोवत्याबद्दल आईला सांगितलं. पंख तसेच उचललेले होते, असं ती ठामपणे म्हणते.

नाथसागर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चक्रवाक म्हटला की भिगवण, एवढंच ऐकून होते. काल रात्री नकाशा उघडून बसले. आईचं बुडालेलं गाव जिथे असायला हवं, ती जागा दक्षिण काठावरून साधारण समोर येते.

पुढच्या रविवारी पहाटे चारला निघायचं ठरवलं आहे. शेवगावकडून पाण्याच्या अगदी जवळपर्यंत गाडी जाईल असा रस्ता या आठवड्यात कोणी पाहिला असेल, तर कृपया गावाचं नाव कळवा. कच्चा असला तरी चालेल, फक्त चिखल नको. खुर्ची गाडीत टाकून ठेवली आहे. कुठे जायचं आहे ते आईला अजून सांगितलेलं नाही.