पाच डेडलाइन एकाच आठवड्यात, आणि हात एकालाही लागत नाही

प्रश्न:
शुक्रवारपर्यंत पाच कामं द्यायची आहेत: तिमाही अहवाल, एक प्रेझेंटेशन, दोन मसुद्यांची तपासणी आणि एका एक्सेल शीटची दुरुस्ती. सकाळी यादी होते, मग ईमेलला उत्तरं देता देता दुपार होते. अहवालाची फाइल नुसतीच उघडी राहते. वेळापत्रक दोन दिवसांत मोडतं. सुरुवात कुठून करावी? आणि मुदत हुकणार असं वाटलं तर मॅनेजरला कधी सांगावं?

उत्तर 1:
'तिमाही अहवाल' हे एक काम नाही, कामांचं गाठोडं आहे. यादीत गाठोडं लिहिलं की बघूनच धास्ती वाटते आणि मन ईमेलकडे वळतं. तिथे लगेच सुटका मिळते, म्हणून ती सवय पक्की होत जाते. चालढकल ही वेळेच्या नियोजनापेक्षा नकोशी भावना टाळण्याची धडपड असते, असं सिरोइस आणि पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये मांडलं होतं. वेळापत्रक कितीही बारीक केलं तरी मोडतं ते यामुळेच.

यादीत असं लिहा: 'तीन महिन्यांचे विक्रीचे आकडे तक्त्यात उतरवणे'. अर्ध्या तासात संपेल एवढाच तुकडा. पहिला तुकडा तर 10 मिनिटांचा: अहवालाचे मथळे टाइप करायचे आणि प्रत्येकाखाली काय येणार याची एक मोडकीतोडकी ओळ. त्या ओळी सुधारत बसू नका, तिथेच गाडी अडते.

उत्तर 2:
मॅनेजरला कधी सांगायचं, हे बेरीज करून ठरतं. प्रत्येक कामाचे तास लिहा आणि दीडपट करा. आपला अंदाज जवळजवळ नेहमी कमी पडतो. 1994 च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी 34 दिवस लागतील म्हटलं होतं, लागले 55. मागच्या अहवालाला खरोखर किती तास गेले याची नोंद असेल, तर दीडपट सोडा आणि तोच आकडा धरा.

आता हातातले तास. मीटिंगा आणि फोन वजा जाता दिवसाचे चारच धरा, म्हणजे आठवड्याचे 20. बेरीज 30 आली तर मुदत हुकणार हे सोमवारीच ठरलं. मग सोमवारीच सांगा, गुरुवारी रात्री नको; तोवर समोरच्याच्या हातात काही उरत नाही. निरोप असा: 'अहवाल शुक्रवारी पूर्ण मिळेल, प्रेझेंटेशन पुढच्या मंगळवारी. उलटा क्रम हवा असल्यास आज संध्याकाळपर्यंत कळवा.' 'प्रयत्न करतो' असं लिहू नका, समोरचा त्याचा अर्थ 'होईल' असाच घेतो.

उत्तर 3:
दोन्ही उत्तरं पटली, फक्त क्रमाबद्दल सांगायचं राहिलं. अहवाल सोडून बाकीच्या कामांत मसुदे आधी परत करा, कारण तिथे दुसऱ्याचं काम अडलंय. पण तेही दुपारी. सकाळचे पहिले दोन तास अहवालाचे, आणि तोवर ईमेल बंद. फोन पालथा ठेवून भागत नाही, दुसऱ्या खोलीतच ठेवा.

25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत सुरुवात करून द्यायला चांगली. लिखाण लयीत आलं असेल तर मात्र गजर वाजला म्हणून उठू नका.

प्रश्नकर्ता:
पहिला तुकडा झाला, पण दुसऱ्या दिवशी फाइल उघडून पुन्हा अडकलं तर?

उत्तर 3:
उठण्याआधी फाइलमध्येच एक ओळ लिहून ठेवा: 'पुढे: तक्ता 2 मधल्या घसरणीचं कारण, दोन वाक्यं'. शक्य असेल तर परिच्छेद मध्येच सोडा. अर्धं वाक्य पुरं करणं कोऱ्या पानापेक्षा कितीतरी सोपं. आणि एखादा दिवस वाया गेलाच तर त्याची भरपाई दुसऱ्या दिवशी आठ तास बसून करायला जाऊ नका. तेवढा डोंगर बघून पुन्हा ईमेलच उघडलं जाईल. रोजचे चारच तास ठेवा, बेरीज नव्याने करा आणि गरज पडली तर मॅनेजरला दुसरा निरोप त्याच दिवशी पाठवा.