मदत हवी आहे: अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात मतदान केंद्र बदललं, हे कळतं कसं?

तिथल्या मॅरिकोपा काउंटीत (जिल्ह्यात) 2012 च्या प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाला) 200 च्या आसपास केंद्रं होती, 2016 ला फक्त 60. मध्यरात्र उलटली तरी मतदान चालूच होतं. आता तिथे काउंटीतल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं. खरी पंचाईत प्रिसिंक्टनुसार (काउंटीतल्या छोट्या मतदान विभागानुसार) केंद्र ठरणाऱ्या काउंट्यांत. जुन्या पत्त्यावर गेलात तर प्रोव्हिजनल मतपत्रिका (नंतर पडताळणी करून मोजायची) मिळते, पण प्रिसिंक्ट चुकीचा म्हणून ती अख्खी बाद होऊ शकते. 2021 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही हा नियम उचलून धरला. फार अन्याय वाटतो.

तिथे राहणाऱ्यांनो, केंद्र हलवल्याचं पत्र घरी येतं का? किती दिवस आधी? बंद केंद्राच्या दारावर नवा पत्ता लावतात का? वयस्कर मतदारांसाठी माहितीपत्रक करतोय. संध्याकाळी 7 वाजता, केंद्र बंद व्हायच्या वेळी, रांगेत असलेल्याला मत देता येतंच, हे त्यात ठळक घालणार आहोत.