पदवीधरांच्या रोजगाराची माहिती : फोन आणि ऑनलाइन फॉर्म यांचे आकडे एकत्र करावेत का?

प्रश्न
कोल्हापुरातील एका महाविद्यालयात माजी विद्यार्थ्यांच्या रोजगाराची माहिती जमवण्याचे काम माझ्याकडे आहे. यंदा आम्ही व्हॉट्सॲपवर गुगल फॉर्म पाठवला आणि ज्यांनी तो भरला नाही त्यांना प्राध्यापकांनी फोन केले. नोकरी नसलेलेच फॉर्म टाळत असतील असे वाटत होते, पण फोनवर ‘काम आहे’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण उलट जास्त निघाले. हे आकडे एकत्र करून अहवालात द्यावेत का?

उत्तर १
सरसकट एकत्र करू नयेत, कारण येथे उत्तर देणारी माणसेही वेगळी आहेत आणि विचारण्याची पद्धतही वेगळी, त्यामुळे फरक नेमका कशामुळे पडला हे या माहितीवरून ठरवता येत नाही. शिवाय फोनवर आपलेच सर असतील तर ‘अजून काही नाही’ म्हणणे मुलांना जड जाते. पगाराच्या प्रश्नाला तर हे अधिकच लागू होते.

उत्तर २
संकोचाचा मुद्दा मान्य आहे, पण फोनवरचे उत्तर खोटेच असेल असे मी मानणार नाही. वडिलांच्या गोठ्यात किंवा शिरोलीतल्या घरच्या फाउंड्रीत विनावेतन राबणारा मुलगा ‘नोकरी आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ वर टिचकी मारतो. फोनवर मात्र ‘मग सध्या काय करतोस?’ असे विचारले की खरे काम बाहेर येते. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात घरच्या व्यवसायात विनावेतन मदत करणाराही रोजगारात धरला जातो, आणि ‘चालू साप्ताहिक स्थिती’ या तिथल्या मोजणीच्या पद्धतीनुसार मागील ७ दिवसांत एक तास काम केले तरी पुरते. तुमच्या फॉर्ममध्ये प्रश्न कसा होता?

प्रश्नकर्ती
‘नोकरी आहे का? होय/नाही’ एवढाच. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलेही त्या ‘नाही’मध्येच गेली आहेत.

उत्तर १
मग उत्तर २ मधील शंका रास्त आहे आणि प्रश्नाचे शब्द आधी बदलावेत. ब्रिटनच्या ‘ग्रॅज्युएट आउटकम्स’ सर्वेक्षणातही ऑनलाइन आणि फोन अशा दोन्ही पद्धती आहेत, पण पदवीनंतर सुमारे १५ महिन्यांनी सर्वांना तीच प्रश्नावली विचारली जाते. पुढच्या वर्षी यादीतील थोडी नावे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्यांना फॉर्म न पाठवता थेट फोन करा, म्हणजे फरक माणसांमुळे पडतो की पद्धतीमुळे याचा अंदाज येईल. तो फोन त्यांना न शिकवलेल्या व्यक्तीने करावा. यंदाच्या तक्त्यात मात्र प्रत्येक उत्तरापुढे पद्धतीचा रकाना ठेवा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा.