'मिस्टर' म्हणजे नवरा की वस्ताद?

अनुवादिका
दिवाळी अंकासाठी फुटबॉल प्रशिक्षक कार्लो अंचेलोत्तीवरचा एक इटालियन लेख मराठीत आणते आहे. १९५९ साली रेज्जोलो गावी शेतकऱ्याच्या घरात जन्म, पार्मा, रोमा, मिलान या संघांकडून मधल्या फळीत खेळला, मिलानबरोबर १९८९ आणि १९९० चा युरोपियन कप, मग १९९५ मध्ये रेज्जाना संघाचा 'आल्लेनातोरे'. इथवर सुरळीत चाललं होतं. आल्लेनातोरेला 'प्रशिक्षक' लिहून पुढे गेले आणि अडले. लेखातले सगळे खेळाडू त्याला 'मिस्टर' म्हणतात. इटलीत फुटबॉलच्या कोचला हीच हाक आहे. आपल्याकडे 'मिस्टर' म्हटलं की नवरा. "मिस्टर बँकेत आहेत", "मिस्टरांना विचारून सांगते". 'सर' केलं तर शाळा होते, 'साहेब' केलं तर कचेरी, 'गुरुजी' केलं तर थेट सत्यनारायण. काय करू?

जुना_शब्दकोश
'प्रशिक्षक' हा घडलेला, रुळलेला शब्द हाताशी असताना शोध कशाचा घेताय? सावरकरांनी 'महापौर', 'दिग्दर्शक' दिले तेव्हा लोकांनी नाकं मुरडलीच होती, आज ते कुणाला खटकतात? सगळीकडे 'प्रशिक्षक' ठेवा.

अनुवादिका
प्रशिक्षक हा हुद्दा झाला. मला हाक हवी आहे. मैदानावरून "अहो प्रशिक्षक" असं ओरडणारं पोर अजून पाहिलेलं नाही.

रंकाळा_काठ
ताई, 'वस्ताद' लिहा. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम. कुस्तीची तालीम आणि फुटबॉल एकाच पेठेत वाढले. मला बूट बांधायला ज्यांनी शिकवलं त्यांना आम्ही पोरं वस्तादच म्हणायचो. नाडी तळव्याखालून दोनदा फिरवून घ्यायची आणि गाठ बाहेरच्या अंगाला मारायची, म्हणजे चेंडू मारताना गाठ मध्ये येत नाही. गाठ आतल्या बाजूला दिसली की स्वतः खाली बसून सोडायचे आणि परत बांधायला लावायचे. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पाच मिनिटं आधी सगळ्यांचे पाय तपासायचे. असा माणूस 'प्रशिक्षक' या शब्दात मावत नाही.

जुना_शब्दकोश
आठवण छान आहे, पण 'वस्ताद' फारसीतल्या 'उस्ताद'वरून आला आणि 'तालीम' अरबी. इंग्रजी पाहुणा नको म्हणून फारसी पाहुणा बोलवायचा?

रंकाळा_काठ
इतकी वर्षं लाल मातीत लोळलेला शब्द पाहुणा कसला? घरचाच तो. तुमच्या 'प्रशिक्षक'ला अजून मातीच लागायची आहे.

पो_काठची
मी बारा वर्षं रेज्जो एमिलिया जिल्ह्यात राहते. अंचेलोत्तीचं रेज्जोलो याच जिल्ह्यात, पार्मेजान चीजचा मुलूख. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चर्चमागच्या मैदानावर खेळतो. नाडीवरून आठवलं, दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडतं, "मिस्टर, माझी नाडी सुटली!" आणि मिस्टर शिट्टी तोंडात धरून गुडघ्यावर बसतात. म्हणजे ही हाक मोठ्या क्लबांपुरती नाही, गल्लीतल्या कोचलाही तीच.

एकदा फोनवर आईला म्हणाले, "आज मिस्टर फार चिडले, अर्ध्या तासात सगळ्यांना घरी पाठवलं." आईने आवाज खाली आणून विचारलं, "जावईबापूंचं काही बिनसलंय का?" त्यामुळे अनुवादिकेची अडचण खरी आहे.

व्युत्पत्ती सहसा अशी सांगतात: १९१२ मध्ये विल्यम गार्बट हा इंग्रज जेनोवा संघाला शिकवायला आला. खेळाडू त्याला 'मिस्टर' म्हणू लागले आणि त्या शब्दाने पुढच्या सगळ्या कोचांना गाठलं. स्पेनमध्येही हाच शब्द आहे. तेव्हा अंचेलोत्ती माद्रिदला गेला तरी मिस्टरच.

आणि 'आल्लेनातोरे'चं मूळ पाहा. त्यात 'लेना' आहे. लेना म्हणजे श्वास, दम. खेळाडूच्या छातीत दम भरणारा तो आल्लेनातोरे. 'प्रशिक्षक'मध्ये शिक्षण आहे, दम नाही.

जुना_शब्दकोश
दम! हा तर आपला. संस्कृत 'दम' म्हणजे इंद्रियांवर ताबा. शम-दमातला.

रंकाळा_काठ
तो दम वेगळा. 'दम लागला', 'दमसास', 'दम धर' यातला दम म्हणजे श्वास, आणि तो फारसी. वस्तादाच्याच गावचा.

मधली_फळी
उच्चारावर एक शब्द. वर्तमानपत्रं 'अँसेलोटी' छापतात. अनुवादिकेने 'अंचेलोत्ती' लिहिलं त्याबद्दल आभार, तेच लावून धरा. आणि लेखात अंचेलोत्तीचा मिलानमधला खेळाडू पिर्लो आला असेल तर 'रेजिस्ता'चं, म्हणजे मागे राहून सगळा खेळ रचणाऱ्या खेळाडूचं, काय केलंत? अंचेलोत्तीने मिलानमध्ये पिर्लोला बचावफळीपुढे आणून रेजिस्ता केलं. अंचेलोत्तीची सर्वांत सुंदर कामगिरी माझ्या लेखी तीच. कोच म्हणून चॅम्पियन्स लीग पाच वेळा जिंकली, पाच मोठ्या देशांच्या लीग जिंकल्या, पण हे त्याच्याही वर.

पो_काठची
दुरुस्ती: पिर्लोला मागे आणलं ते आधी प्रशिक्षक कार्लो माझ्झोने यांनी, २००१ मध्ये ब्रेशा संघात. पुढच्या फळीत रोबेर्तो बाज्जो होता, तिथे जागा नव्हती. अंचेलोत्तीने ते कायमचं केलं.

अनुवादिका
पिर्लो आहे आणि रेजिस्ताही आहे. सिनेमा-नाटकाच्या दिग्दर्शकालाही इटालियनमध्ये तोच शब्द, म्हणून सध्या 'दिग्दर्शक' ठेवलाय.

जुना_शब्दकोश
उत्तम.

मधली_फळी
मला पटत नाही. आपला दिग्दर्शक प्रयोगाच्या वेळी विंगेत किंवा प्रेक्षकांत असतो. त्या अर्थाने मैदानाबाहेर उभा असलेला अंचेलोत्तीच दिग्दर्शक ठरेल. पिर्लो तर आत खेळतो आहे आणि आतूनच सगळ्यांना खेळवतो आहे. त्याला 'सूत्रधार' म्हणा. संस्कृत नाटकात सूत्रधार स्वतः रंगमंचावर येतो.

रंकाळा_काठ
सूत्रधार एक नंबर! कळसूत्री बाहुल्यांची सूत्रं हातात धरतो तो.

जुना_शब्दकोश
बाहुल्यांचं सूत्र की गवंड्याच्या ओळंब्याचं, यावर वाद आहे. सूत्रधार म्हणजे स्थपती, दोरी धरून मापं घेणारा, असाही अर्थ आहे. पिर्लोला मला तो जास्त शोभतो. चाळीस यार्डांचा पास ओळंब्यासारखा सरळ.

मधली_फळी
पिर्लोचा पास सरळ? तो वळायचा, म्हणून तर बचावपटू फसायचे.

अनुवादिका
'सूत्रधार' घेतला, मनापासून आभार. पण मंडळी, 'मिस्टर'ची जागा अजून कोरीच आहे. परवा मजकूर द्यायचा आहे.

रंकाळा_काठ
वस्ताद.

जुना_शब्दकोश
प्रशिक्षक.

पो_काठची
'मिस्टर'च ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे गार्बटची गोष्ट दोन ओळींत सांगा. माझ्या आईलाही आता फोनवर विचारावं लागत नाही, कुठले मिस्टर.