कपाशीच्या 'रेफ्युजी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (अमळनेर): बीटी कपाशीच्या (जनुक बदलून बोंडअळीला मारणारं विष झाडातच आणलेल्या) 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत पूर्वी साध्या, बिगर बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची छोटी पुडी यायची. दुकानदारापासून सालदारापर्यंत सगळे तिला 'रेफ्युजी' म्हणत. आमच्या गटाच्या शेतीशाळेसाठी जीएम (जनुक बदललेल्या) पिकांच्या नियमांचं सोपं टिपण लिहिते आहे. 'आश्रय ओळी', 'आश्रित पीक', 'बिगर बीटी' यांपैकी कोणता शब्द घेऊ?

उत्तर (चोपडा): ताई, 'रेफ्युजी' आधी काढा. मूळ शब्द रेफ्यूज, म्हणजे आसऱ्याची जागा. रेफ्युजी म्हणजे निर्वासित माणूस. 'आश्रित'मध्येही तोच घोळ आहे: पीक आसरा देतं, घेत नाही. 'बिगर बीटी' खोटं नाही, पण त्या बियाण्यात काय नाही एवढंच तो शब्द सांगतो. ते कशासाठी दिलंय हे कळलंच नाही, म्हणून पुड्या बांधावर फेकल्या गेल्या. मी 'आश्रय ओळी' घेईन.

अमळनेर: पण 'आश्रय' म्हटलं की पहिला सवाल येतो, "अळीले आसरा कसाले?" फवारणीला पैसा घालायचा आणि अळीही पोसायची?

चोपडा: हा सवाल टिपणात पहिल्याच ओळीत घ्या. सुरुवातीला बीटीवर जगून निघालेली अळी क्वचित एखादी. तिचा पतंग तशाच दुसऱ्या पतंगाशी जुळला, तर पुढची पिढी बीटीला दाद देत नाही. शेजारच्या साध्या कपाशीवर बीटीला बळी पडणारे भरपूर पतंग तयार झाले, तर जोडी बहुधा त्यांच्याशी जुळते आणि पिल्लं बीटीवर मरतात. आसरा द्यायचा तो या भोळ्या अळीला. हिरव्या बोंडअळीला तूर-हरभऱ्यावरही आसरा मिळतो. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते, तिच्यासाठी या ओळीच हव्या होत्या. त्यात आपल्याकडे बागायती कपाशी मे महिन्यात लागते आणि फरदड (वेचणी झाल्यावरही शेतात ठेवलेली कपाशी) मार्चपर्यंत उभी असते, म्हणजे अळीला खंडच नाही. 2017 साली बोंडं फोडून पाहिली तेव्हा वरून हिरवीगार, आत सरकी कोरलेली आणि रुई पिवळी पडलेली. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

उत्तर (शिरपूर): नियमाच्या भाषेबद्दल थोडं. मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला केंद्राच्या समितीने परवानगी दिली ती अटींसह: कडेने बिगर बीटीच्या पाच ओळी किंवा 20 टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. ही समिती 1989 च्या नियमांखाली काम करते, आणि ते नियम पर्यावरण संरक्षण कायद्याचे आहेत. प्रयोगशाळेत नियम पाळायला शास्त्रज्ञ असतो. बियाणं बाहेर पडलं की दिल्लीतली अट शिरपूरच्या बांधावर शेतकऱ्याने पाळायची, आणि त्याला ती पाकिटावरच्या बारीक अक्षरांत कळवलेली. म्हणून टिपणात 'सूचना' लिहू नका, 'अट' लिहा. सूचना ऐच्छिक वाटते.

आणखी एक: 'बोगस बियाणं' आणि 'चोरबीटी' एका ओळीत नको. बोगस म्हणजे उगवणच नाही किंवा पाकिटावर एक, आत दुसरंच. चोरबीटी उगवतं, तणनाशकही सोसतं, पण त्याला परवानगीच नाही. तिथे ना तपासणी, ना आश्रयाची अट.

अमळनेर: 'आश्रय'पेक्षा आमच्या बायांना 'आसरा' जवळचा. 'आसऱ्याच्या ओळी' लिहू का?

चोपडा: 'आसरा' चांगला, पण 'ओळी' आता चालणार नाही. हल्ली 475 ग्रॅमच्या एकाच पाकिटात 5 ते 10 टक्के बिगर बीटी मिसळलेलंच येतं, वेगळी पुडी नाही. शेतात ती झाडं कुठेही उगवतील. 'आसऱ्याचं बियाणं' लिहा, आणि खाली एवढं जोडा: या झाडांवर अळी दिसली म्हणून ती उपटू नका.